ऑरोरातला हेलियम सूर्याचा की पृथ्वीचा? पुण्यात बसून करायचा प्रकल्प, पायरीपायरीने

ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, फोटोखाली एक वाक्य ठरलेलं असतं: "सूर्यावरून आलेले कण ध्रुवांजवळ आदळतात आणि आकाश उजळतं." वाक्य अगदीच चूक नाही. पण 'सूर्यावरून आलेले' हे कुणी आणि कसं तपासलं, याचा त्यात पत्ता नसतो. आकाश उजळवणारे बहुतेक कण इलेक्ट्रॉन असतात. सूर्याचा इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीच्या आयनावरणातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातला) इलेक्ट्रॉन यांत काडीचाही फरक नाही, त्यामुळे त्याला त्याचं गाव विचारून उपयोग नाही. गाव शोधायचं तर जड कण पकडावा लागतो, आणि त्या कामाला हेलियमइतका सोयीचा कण दुसरा नाही.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलांसाठी आणि हौशी मंडळींसाठी आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सिंहगडावर रात्र काढूनही ऑरोरा दिसणार नाही. त्याने काही अडत नाही. प्रकल्पाचा अर्धा भाग कागदावरचा आहे: ऑरोरात फॉइल धरून हेलियम पकडायचा प्रयोग आकड्यांनिशी आखायचा. उरलेला अर्धा भाग खऱ्या मोजमापांचा, आणि ती घरबसल्या फुकट मिळतात. संगणक, इंटरनेट आणि एक्सेल किंवा पायथन, एवढं पुरे.

पायरी १ : कुठला हेलियम कसा ओळखायचा ते पक्कं करा

हेलियमचे दोन स्थिर समस्थानिक आहेत, हेलियम-३ आणि हेलियम-४. आपल्या हवेत दर दहा लाख हेलियम-४ अणूंमागे हेलियम-३ चे जेमतेम १.४ अणू सापडतात. सौर वाऱ्यात, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतात, हाच आकडा साधारण ४६४ आहे. म्हणजे जवळजवळ ३३५ पटींचा फरक. निसर्गात दोन साठ्यांमधला इतका ठळक फरक क्वचित मिळतो.

कारण सोपं आहे. पृथ्वीवरचा बहुतेक हेलियम-४ खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून येतो. वायूच्या विहिरींतून निघणारा, फुग्यांत भरला जाणारा हेलियम म्हणूनच हेलियम-३ च्या बाबतीत हवेपेक्षाही गरीब असतो. सूर्यातला हेलियम-३ मात्र बराचसा सूर्याच्या जन्मावेळच्या साठ्यातून आलेला आहे.

४६४ हा आकडा जेनेसिस यानाने आणलेल्या नमुन्यांतून मिळाला. ते ऑगस्ट २००१ मध्ये निघालं, दोन वर्षांहून जास्त काळ सौर वारा गोळा करत राहिलं आणि ८ सप्टेंबर २००४ ला पॅराशूट न उघडल्यामुळे युटाच्या वाळवंटात आपटलं. तुकड्यांतूनही मोजमाप निघालं, हे विशेष. त्याआधी अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल उभी केली होती. अपोलो ११ ची फॉइल ७७ मिनिटं उघडी होती. त्या प्रयोगामागचे बर्न विद्यापीठाचे योहानेस गाइस आणि त्यांचे सहकारी पुढे हेच तंत्र रॉकेटवरून ऑरोरात घेऊन गेले. आपल्या प्रकल्पाचा पाया तोच.

जाता जाता विजयदुर्गाबद्दल. हेलियमचा शोध इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने १८६८ साली विजयदुर्गच्या कट्ट्यावरून लावला, ही गोष्ट आपल्याकडे दरवर्षी १८ ऑगस्टला नव्याने फिरते. पण १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी आपली निरीक्षणं त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून केली. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवर शोधूनही तीन वर्षं उलटली होती. पुणेकरांनी त्या ग्रहणातली आपली बाजू सांगायला हवी: कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला तेव्हा दुर्बिणी घेऊन जेऊरला गेले होते. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत विजयदुर्ग घालायचाच असेल, तर हे नीट घाला.

पायरी २ : प्रकाशातून हे का जमणार नाही, ते स्वतः गणित करून पाहा

पहिला प्रश्न हमखास येतो: वर्णपट घेऊन समस्थानिक ओळखता येणार नाहीत का? हेलियमची १०८३ नॅनोमीटरची रेषा घ्या. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्यात या रेषेची जागा सुमारे ०.१३ नॅनोमीटरने सरकते. प्रयोगशाळेत हे सहज दिसतं. पण ऑरोरात शिरणारा कण सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येत असेल, तर डॉप्लर परिणामाने त्याची रेषा १.४ नॅनोमीटरपर्यंत सरकू शकते. कण वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगांनी येतात, त्यामुळे रेषा फासल्यासारखी पसरते. समस्थानिकांमधल्या फरकापेक्षा हा पसारा दहापट मोठा. शिवाय सौर हेलियमच्या दर दोन हजार अणूंत हेलियम-३ चा एखादाच.

म्हणून कण प्रत्यक्ष पकडावा लागतो. ही दोन ओळींची आकडेमोड अहवालात घाला, तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो.

पायरी ३ : दुसऱ्या दोन खुणा समजून घ्या, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं तेही

समस्थानिक सोडून आणखी दोन खुणा आहेत. एक म्हणजे विद्युतभार. सूर्याच्या प्रभामंडळाच्या तापमानाला हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन गळून जातात, म्हणून सौर वाऱ्यातला हेलियम जवळजवळ सगळा दुहेरी भाराचा, म्हणजे अल्फा कणांच्या रूपात असतो. आयनावरणातला हेलियम सूर्यप्रकाशाने एकच इलेक्ट्रॉन गमावतो, तो एकेरी भाराचा. पृथ्वीच्या चुंबकावरणात (तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातल्या अवकाशात), बऱ्याच उंचीवर, ही खूण उत्तम चालते. पण वातावरणात शिरू लागलेला अल्फा कण वाटेत भेटणाऱ्या अणूंकडून इलेक्ट्रॉन उचलतो, आधी एक, मग दुसरा. खाली उतरेपर्यंत त्याचा भार बदललेला असतो.

दुसरी खूण हेलियम आणि हायड्रोजनचं प्रमाण. सौर वाऱ्यात प्रोटॉनच्या तुलनेत अल्फा कण साधारण चार टक्के, पण हा आकडा एका टक्क्याच्या आतबाहेरपासून आठ टक्क्यांच्या वरपर्यंत हिंडतो. चुंबकावरणात प्रोटॉन आणि अल्फा कण वेगवेगळ्या गतीने गळत जातात. त्यामुळे वर मोजलेलं प्रमाण ऑरोरात तसंच उतरेल याची हमी नाही.

हेलियम-३ आणि हेलियम-४ मात्र रासायनिकदृष्ट्या एकच. इलेक्ट्रॉन उचलला तरी केंद्रक तेच राहतं. हा प्रकल्प समस्थानिकांवर उभा करायचा तो याचसाठी, बाकीच्या दोन खुणा पडताळ्यापुरत्या.

पायरी ४ : फॉइलचा प्रयोग कागदावर आखा

केरळातलं थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, या कामाला निरुपयोगी. ऑरोराची रॉकेटं नॉर्वेतल्या आंडोया, स्वीडनमधल्या किरुनाजवळच्या एसरेंज आणि अलास्कातल्या पोकर फ्लॅटवरून उडतात. आपल्याला फॉइल परत हवी आहे, म्हणून जमिनीवर पॅराशूटने उतरवता येईल अशी जागा बरी. आंडोयाहून उडालेलं रॉकेट समुद्रात पडतं. मी एसरेंज धरेन.

काही किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे हेलियम कण शंभर ते दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात थांबून जातात, म्हणून फॉइल त्याच्या वर उघडी राहायला हवी. अडीचशे किलोमीटर माथा गाठणारं रॉकेट दीडशे किलोमीटरच्या वर सुमारे पाच मिनिटं असतं. झाकण तेवढाच वेळ उघडं ठेवायचं, म्हणून ३०० सेकंद हाती धरा.

आता आकडे. सौर वाऱ्यात दर घन सेंटिमीटरला पाच प्रोटॉन आणि वेग सेकंदाला ४०० किलोमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला २० कोटी प्रोटॉन आणि चार टक्क्यांनी ८० लाख अल्फा कण येतात. ऑरोरात त्यातले किती उतरतात, हे वादळागणिक आणि जागेगणिक बदलतं. आखणीसाठी दहा लाख धरू. हे निव्वळ गृहीतक आहे, अहवालात तसंच लिहा आणि दहापट कमी धरूनही एकदा गणित करा.

फॉइल १०० चौरस सेंटिमीटर, वेळ ३०० सेकंद: हेलियम-४ चे ३ हजार कोटी अणू. ते सगळे सौर असतील तर हेलियम-३ चे सुमारे १ कोटी ४० लाख.

हे आकडे मोठे वाटतात तिथेच फसायला होतं. हवेत हेलियम दहा लाखांत ५.२४ भाग असतो. त्या हिशोबाने ३ हजार कोटी हेलियम-४ अणू फक्त ०.२ घन मिलिमीटर हवेत मावतात. म्हणजे खसखशीच्या एका दाण्याएवढी हवा उपकरणात शिरली, की पाच मिनिटांच्या रॉकेटफेरीत जमवलेल्याइतकाच हेलियम-४ बाहेरून येऊन बसला. पण त्याच दाण्याएवढ्या हवेत हेलियम-३ किती? जेमतेम ४० हजार अणू. आपल्या १ कोटी ४० लाखांपुढे तो अर्धा टक्कासुद्धा नाही.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या प्रकल्पाचं मर्म हेच आहे. सौर वाटा काढायचं सूत्र कुठल्याही पुस्तकात मिळेल: मोजलेल्या प्रमाणातून हवेचं प्रमाण वजा करा आणि त्याला सूर्य व हवा यांच्या प्रमाणांतल्या फरकाने भागा. वरच्या उदाहरणात फॉइलमधला आणि हवेतला हेलियम मिसळला की दहा लाखांमागे २३३ येतात. सूत्रात घातले की उत्तर ५० टक्के. लगेच लिहावंसं वाटेल की ऑरोरातला निम्मा हेलियम पृथ्वीच्या आयनावरणातून वर गेला, तिथे वेग मिळाला आणि परत खाली आला. असं घडतंही, एकेरी भाराचा हेलियम वर जाऊन वेग घेऊन परततो. पण आपल्या उदाहरणात तसं काहीच झालेलं नाही, प्रयोगशाळेतली खसखसभर हवा शिरली आहे. नुसतं प्रमाण या दोन गोष्टींत भेद करत नाही. म्हणून हेलियम-३ ची निव्वळ संख्या आधी लिहायची आणि प्रमाणावर नंतर बोलायचं. संख्या अपेक्षेइतकी आणि प्रमाण निम्मं असेल, तर संशय हवेवर घ्या.

भेद करायला तीन उपाय आहेत. पहिला, त्याच फॉइलचा एक तुकडा रॉकेटवरच कायम झाकलेला ठेवायचा आणि त्यातला हेलियम उघड्या तुकड्यातून वजा करायचा. हे टाळलं तर बाकी सगळं व्यर्थ. दुसरा, खोली. वेगाने आलेला कण धातूत काही दशक नॅनोमीटर आत रुततो, तर भोवतीचा संथ हेलियम रॉकेटच्या वेगाने आदळूनही धातूत घुसू शकत नाही. फॉइल हीच एक चाळणी आहे. काही तुकड्यांवर पातळ थर चढवून नेला तर कोणत्या ऊर्जेचे कण किती, याचाही अंदाज येतो. तिसरा उपाय निऑन. हवेत हेलियम-४ आणि निऑन-२० यांचं गुणोत्तर सुमारे ०.३२ आहे, सौर वाऱ्यात ते सहाशेच्या वर. निऑन दिसला की हवा शिरली. मात्र काच आणि रबरातून हेलियम झिरपतो तसा निऑन झिरपत नाही, त्यामुळे निऑन दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

पायरी ५ : फॉइलमधून हेलियम काढण्याची रीत

हा भाग प्रत्यक्ष करायला निष्क्रिय वायूंचा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) या कामाची जुनी परंपरा आहे. पुण्यात बसून रीत समजून घ्या.

तुकडा निर्वात भट्टीत वितळवतात, अ‍ॅल्युमिनियमला ६६० अंश सेल्सिअस पुरतात. निघालेल्या वायूतले नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ वगैरे तापवलेल्या टायटॅनियमसारख्या धातूला चिकटवून काढतात. मग द्रव नायट्रोजनने थंड केलेला कोळसा आर्गॉन आणि त्याहून जड वायू धरून ठेवतो. हेलियम आणि निऑन उरतात.

हेलियम-३ मोजताना खरा त्रास हायड्रोजनचा. एक साधा हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम मिळून झालेल्या रेणूचं वस्तुमान ३.०२१९, हेलियम-३ चं ३.०१६०. हे दोन वेगळे दिसायचे तर यंत्राची विभेदनक्षमता पाचशेच्या वर, व्यवहारात सहाशेच्या आसपास हवी. त्याखालच्या यंत्रावर आलेला हेलियम-३ चा आकडा मी मानणार नाही.

प्रमाणीकरण हवेनेच करतात, पण आपला नमुना हवेपेक्षा शेकडो पट हेलियम-३ चा. म्हणून हेलियम-३ मुद्दाम वाढवलेलं दुसरं मिश्रणही चालवून पाहायला हवं.

एक व्यवहारातली गोष्ट. निर्वात यंत्रणेची गळती शोधायला सगळे लीक डिटेक्टर वापरतात, आणि तो चालतो हेलियमवर. जोडाजोडांवर हेलियमचा फवारा मारून झाला, की रबरी ओ-रिंगांमध्ये शोषला गेलेला तो हेलियम नंतर हळूहळू बाहेर येत राहतो. या कामाच्या नळ्यांना तांब्याच्या गॅस्केटा लावतात त्या यासाठीच. शेजारच्या खोलीत कुणी लीक डिटेक्टर लावला असेल, तर त्या दिवशी नमुना चढवू नये.

पायरी ६ : आता खरी मोजमापं उतरवा

वादळ निवडायला फार शोधावं लागत नाही: १० आणि ११ मे २०२४. लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री आकाशात लाल उजेड टिपला होता, तो ऑक्सिजनचा ६३० नॅनोमीटरचा.

नासाच्या ऑम्निवेब या सौर वाऱ्याच्या मोजमापांच्या संकेतस्थळावर जा. तासावारी माहितीचा पर्याय घ्या, ८ ते १४ मे २०२४ तारखा टाका आणि हे रकाने निवडा: सौर वाऱ्याचा वेग, प्रोटॉनची घनता, तापमान, अल्फा-प्रोटॉन प्रमाण, चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक आणि डीएसटी निर्देशांक (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते सांगणारा). यादी मजकुराच्या रूपात मिळते, ती एक्सेलमध्ये चिकटवा.

त्यात तीन सापळे आहेत. मोजमाप नसलेल्या तासाला अल्फा-प्रोटॉन रकान्यात ९.९९९ भरलेलं असतं. तसाच आलेख काढला तर प्रोटॉनच्या दहापट हेलियम आल्याचा भास होतो. ते आकडे आधी रिकामे करा. दुसरा सापळा वेळेचा: सगळं जागतिक वेळेत असतं, साडेपाच तास मिळवा. वादळाचा पहिला धक्का जागतिक वेळेनुसार १० मेच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास बसला. तिसरा, सौर वारा मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असतात. तिथून पृथ्वीपर्यंत यायला वाऱ्याला सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने तासभर लागतो, पण ऑम्नीने हा वेळ आधीच हिशोबात घेतलेला आहे. तुम्ही पुन्हा सरकवू नका.

आता वेग, अल्फा-प्रोटॉन प्रमाण आणि डीएसटी एकाखाली एक लावा. प्रमाण आठ टक्क्यांच्या वर जाणारे तास रंगवा, सूर्यावरून सुटलेल्या मोठ्या ढगाची ती एक मान्य खूण आहे. डीएसटी उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली जाताना दिसेल. वादळाच्या ऐन भरात उपकरणांचे आकडे गायब असण्याचीही तयारी ठेवा. जोडीला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची नोंद मिळाली तर पाहा. ही वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम आल्यामुळे कुलाब्याहून हलवली गेली आणि १९०४ पासून अलिबागेत नोंदी घेते आहे. पुण्याच्या इतक्या जवळ तेच वादळ चुंबकीय क्षेत्र किती खाली ओढतं, हे मुलांना जगाच्या सरासरी निर्देशांकापेक्षा लवकर पटतं.

वेळ असेल तर एक जोडकाम करा. मागच्या दोन-तीन सौरचक्रांचे तासावारी आकडे घ्या, वेग ४०० च्या खाली असलेले तेवढे ठेवा आणि अल्फा-प्रोटॉनची मासिक सरासरी सूर्यडागांच्या संख्येसोबत काढा. डाग कमी झाले की हेलियमही एक-दोन टक्क्यांपर्यंत घसरतो, वाढले की चारच्या आसपास जातो. मला वादळाच्या आलेखापेक्षा हा आलेख जास्त आवडतो. फॉइलच्या गणितात चार टक्के डोळे झाकून धरणं कधी चुकतं, ते यातून कळतं.

पायरी ७ : आदित्य-एल१ वरचं मोजमाप

इस्रोच्या आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानातलं सूट हे उपकरण पुण्याच्या आयुका संस्थेचं म्हणून पुण्यात त्याचं कौतुक होतं, ते योग्यच. पण आपल्या कामाचं उपकरण पीआरएलचं अ‍ॅस्पेक्स आहे. त्याच्या स्विस नावाच्या भागात प्रोटॉन आणि अल्फा कण मोजले जातात. इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर नाव नोंदवलं की माहिती उतरवता येते. फाइली सीडीएफ प्रकारच्या असतात, त्या पायथनमध्ये उघडाव्या लागतात.

आकडे वाचण्याआधी हे समजून घ्या. साधा विद्युत विश्लेषक कणाची ऊर्जा भागिले भार एवढंच पाहतो. ४०० किलोमीटर वेगाला प्रोटॉन सुमारे ८३५ व्होल्टला दिसतो, त्याच वेगाचा अल्फा कण दुप्पट, म्हणजे १६७० ला. हेलियम-३ त्यांच्या मधे, १२५० च्या आसपास. वादळात प्रोटॉन तापतात, त्यांचं शेपूट लांबतं आणि १२५० ची जागा त्याखाली पूर्ण बुडते, कधीकधी अल्फाचं शिखरसुद्धा. स्विसच्या एका अंगात चुंबक वापरून प्रोटॉन आणि अल्फा वेगळे केले आहेत ते यासाठी. तरी हेलियम-३ चं रोजचं प्रमाण त्यातून मिळेल अशी आशा धरू नका. त्यासाठी फॉइलच.

अ‍ॅस्पेक्सचा दुसरा भाग, स्टेप्स, जास्त ऊर्जेचे कण मोजतो. ते या प्रकल्पात मिसळू नका. काही सौर उद्रेकांत लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या कणांमध्ये हेलियम-३ सौर वाऱ्याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त वाढलेला असतो. असा उद्रेक तुमच्या निवडलेल्या दिवसांत असेल, तर अहवालात ते तास वेगळ्या रंगाने दाखवा आणि फॉइलच्या गणितातलं ४६४ फक्त संथ, किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या कणांनाच लावलं आहे, असं तक्त्याच्या खाली स्पष्ट लिहा.